निळी मिरी

“अहो, मी मिरीच आहे! तुमचीच मिरी!”

कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही.

भिंतीतलं भोक म्हणजे मुंग्यांचं घर. दारावरच्या ठमामावशीने वाट अडवली. “मिरी काळी. तू निळी. चल, हो बाजूला!”

“पण मावशी...”

“कोण मावशी? कुणाची मावशी? चालती हो!”

त्याचं झालं असं. कुंदाआत्या घरी बसून ऑफिसचं काम करते. तिचा कीबोर्ड मळका. माऊस मळका. प्रिंटर तर पार पिवळा पडलेला.

आत्या म्हणाली, “नवं कशाला? रंगवलं की झालं नवं!”

रंगाचा डबा हलवला. खडखड खडखड!

फुस्स! कीबोर्ड निळा.

फुस्स! माऊस निळा.

फुस्स! प्रिंटर निळा.

टेबलावरून चालली होती मिरी मुंगी.

फुस्स! मिरीही निळी.

घरात आईच्या कुशीत मिरीची जागा होती. एवढीश्शीच. पण तिचीच. मिरीला तीच हवी होती.

निघाली मिरी. तुरुतुरु तुरुतुरु.

“फडक्या फडक्या, मला पूस ना. मला आईकडे जायचंय.”

फडकं म्हणालं, “मी कोरडं. कसं पुसू? आधी बाटलीने तेल द्यावं.”

निघाली मिरी. तुरुतुरु तुरुतुरु.

“बाटली बाटली, तेल दे ना. फडकं पुसेना, मी घरी कशी जाऊ?”

बाटली म्हणाली, “माझं झाकण घट्ट. कसं देऊ? आधी आत्याने उठावं.”

निघाली मिरी. तुरुतुरु तुरुतुरु.

“आत्या आत्या, ऊठ ना. बाटली तेल देईना, फडकं पुसेना, मी घरी कशी जाऊ?”

आत्या आधीच तापलेली. “कशी उठू? मेल्या प्रिंटरमधून एक कागद येईना! आधी याने छापावं.”

निघाली मिरी. तुरुतुरु तुरुतुरु.

“प्रिंटर प्रिंटर, छाप ना. आत्या उठेना, बाटली तेल देईना, फडकं पुसेना, मी घरी कशी जाऊ?”

प्रिंटर म्हणाला, “म्म्! म्म्! तोंडावर पट्टी. कसं छापू? आधी पट्टीने सुटावं.”

आत रंग जाऊ नये म्हणून आत्यानेच चिकटवली होती पट्टी. काढायची विसरली! आता पट्टीही निळी, प्रिंटरही निळा. दिसणार कशी?

निघाली मिरी. तुरुतुरु तुरुतुरु.

“पट्टी पट्टी, सूट ना. प्रिंटर छापेना, आत्या उठेना, बाटली तेल देईना, फडकं पुसेना, मी घरी कशी जाऊ?”

पट्टी म्हणाली, “माझं टोक रंगाखाली दडलं. कशी सुटू? आधी टोक कुणी उचलावं.”

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

मिरी खाली बसली. आई आठवली. आईची ऊब आठवली. बसून आई थोडीच मिळते?

उठली मिरी. पट्टीच्या कडेकडेने चालली.

इथे गुळगुळीत.

इथेही गुळगुळीत.

आणि इथे? टोचलं काहीतरी!

टोक!

मिरीने धरलं दातात. कच्च! ओढलं वर. हुश्श!

“अगंबाई! पट्टी राहिली की गं माझी!” आत्या ओरडली.

टर्रर्र! पट्टी सुटली.

खर्र खर्र! प्रिंटर छापू लागला.

आत्या उठली. “आता हाताचा रंग काढते.”

झाकण फिरलं. टप्प! बाटलीने तेल दिलं.

फडक्याने पुसलं. आत्याचे हात पुसले. टेबल पुसलं. आणि हळूच, अगदी हळूच, मिरीला पुसलं.

मिरी काळी झाली! एक पाय तेवढा निळाच राहिला.

मिरी धावली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

आता दारावर कुणी अडवलं नाही. आई पुढे आली. मिशीला मिशी लावली. “माझी मिरी!” म्हणत कुशीत घेतलं. एवढीश्शी जागा अजून रिकामीच होती.

“कुठे होतीस गं दिवसभर?”

“दारातच आले होते, आई. मी मिरीच आहे म्हणाले. कुणी ऐकलंच नाही.”

आई उसळली. “रंग कसला बघता? मिशीला मिशी लावली की अंधारातही कळतं, आपलं माणूस कोण! माझ्या लेकीला दारातून हाकललं कुणी?”

सगळ्या मुंग्यांनी माना वळवल्या. सगळ्या एका सुरात म्हणाल्या,

“ठमामावशी!”