मागचं पांढरं कापड

“आणि हसायचंही नाही?”

“नाही, बाबा.”

“मग रागावायचं?”

“तेही नाही. तोंड मिटलेलं, डोळे उघडे, नजर समोर. दोन्ही कान दिसले पाहिजेत. चष्मा नको, सावली नको. आणि मागे काही म्हणजे काहीच नको. नुसतं पांढरं.”

रहमतशाबाबांनी खुशीत येऊन मांडीवर थाप मारली. “चाळीस वर्षं मी लोकांना दुसरं काय सांगतोय? एकानं ऐकलं नाही. आणि सरकारनं सांगितल्याबरोबर तू केस विंचरून बसलास!”

अभिरामला विनोद ऐकायची फुरसत नव्हती. जुन्या पासपोर्टची मुदत संपली होती; सकाळपासून नव्याच्या अर्जाला त्यानं सात फोटो जोडले होते आणि सातही परत आले होते. पहिल्यात मागे तकियाची, म्हणजे बाबांच्या मठीची, हिरवी भिंत होती, दुसऱ्यात कानामागे सावली होती, तिसऱ्यात चिंचेची फांदी डोकावली होती… बाकीच्यांची कारणं त्यानं वाचलीच नव्हती.

आज फोटो गेला नाही, तर पासपोर्ट वेळेत यायचा नाही. पासपोर्ट आला नाही, तर परिषद बुडाली.

आणि परिषद साधीसुधी नव्हती. अभिराम परदेशात पाच वर्षं तत्त्वज्ञान शिकला होता, आठ महिन्यांपूर्वी सगळं सोडून कृष्णाकाठच्या या तकियात, या म्हाताऱ्या फकिराच्या पायाशी येऊन राहिला होता. अंगण झाडायचा, चटईवर झोपायचा, बाबांचा शब्द न् शब्द वहीत उतरवायचा. आता त्याच्याच जुन्या विद्यापीठानं त्याला बोलावलं होतं. भाषणाचा विषयही त्यानं स्वतःच निवडला होता : ‘मला कुणाची गरज नाही’.

“बाबा, तुमच्याकडं एखादं पांढरं कापड आहे का? चादर, लुंगी, काहीही.”

बाबांनी त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं.

“आहे एक.”

ते आत गेले. पत्र्याची ट्रंक करकरली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक जाडसर घडी होती. तिला कापराचा वास येत होता.

अभिराम हरखला. “अहो, हे तर कोरं आहे! काठ नाही, शिवण नाही. कधी वापरलंच नाही?”

“अजून नाही.”

“मी धुऊन, इस्त्री करून परत देतो.”

“राहू दे. मळलं तरी चालतंय.”

चिंचेपासून खांबापर्यंत दोरी होती. अभिरामनं तिच्यावर कापड ताणून बसवलं. एक टोक धरायला बाबा पुढं झाले.

“राहू द्या, बाबा. माझं मी करतो.”

मोबाइल त्यानं विटांच्या थरावर टेकवला. स्वतः कापडापुढं उभा राहिला. ऊन मी म्हणत होतं. कपाळावर घाम डबडबला, तसं त्यानं मागचंच एक टोक ओढून तोंड पुसलं आणि मान ताठ केली.

आठवा फोटोही परत आला.

पार्श्वभूमी योग्य, सावली नाही, कान दिसतात… पण चेहऱ्यावरचे भाव अमान्य.

“अमान्य? मी हसलोच नाही!”

“हसतोयस, बेटा.”

“कुठं? बघा ना, ओठ मिटलेले आहेत.”

“ओठांनी नाही हसत तू.”

अभिराम चिडला. मोबाइल त्यानं बाबांच्या हातात कोंबला. “मग तुम्हीच काढा. हसणं थांबलंय असं वाटलं की हे खालचं गोल दाबा.”

बाबांनी मोबाइल दोन्ही हातांनी, भरलेली वाटी धरावी तसा धरला.

अभिराम उभा राहिला. बाबांनी गोल दाबलं नाही.

“काढा ना.”

“थांब की.”

“किती थांबू?”

“थांब…”

तेवढ्यात फाटक वाजलं. हमिदाबी बाबांची भाकरी घेऊन आली होती. पाच वर्षं झाली, नवरा गेल्यापासून रोज दुपारी ती भाकरी घेऊन यायची, हल्ली आल्या आल्या अभिरामच्या झाडण्यातल्या चुका काढायची आणि मगच पदरानं वारा घ्यायची.

आज ती फाटकातच थिजली. फडक्यातली भाकरी हातातून निसटून मातीत पडली.

“या अल्ला… हे दोरीवर कुणी टांगलं?”

“मी, हमिदाबी. फोटोसाठी. दहाच मिनिटं…”

“फोटोसाठी?” तिचा आवाज चिरकला. “अरे, डोळे फुटले काय तुझे? माझ्या नवऱ्यानं हजहून आणलंय ते. मक्केच्या झमझम विहिरीच्या पाण्यात भिजवून, तिथल्या उन्हात वाळवून, छातीशी धरून आणलंय. बाबांचं कफन आहे ते!”

अभिरामला आधी शब्दच कळला नाही.

मग कळला.

वारा आला. कापड मागून फुगलं आणि त्याच्या पाठीला, मानेला, दोन्ही कानांना लागलं. बाजूला व्हावं असं त्याला वाटलं, पण पाय उचलेनात. आपण त्याच कापडाला तोंड पुसलं, हे त्याला आठवलं. कपाळ अजून ओलं होतं. कापराचा वास आता कापडाला येत नव्हता, त्याच्या स्वतःच्या तोंडाला येत होता.

नजर समोर. तोंड मिटलेलं.

बाबांनी गोल दाबलं.

“हं. आता चढव.”

यांत्रिकपणे त्यानं मोबाइल घेतला आणि तो नववा फोटो पाठवला. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. मग हिरवी खूण उमटली.

फोटो स्वीकारला गेला होता.

हमिदाबी खाली बसून भाकरीवरची माती झटकत होती.

अभिराम फोटोकडं बघत राहिला. कान त्याचे होते, भुवईवरचा व्रणही त्याचाच. पण हा माणूस त्यानं कधी पाहिला नव्हता. दहा वर्षं हाच चेहरा प्रत्येक देशाच्या दारात उघडून दाखवावा लागणार होता. आणि त्याच्या मागचं पांढरं बघून कुणीही काही विचारणार नव्हतं.

“बाबा… तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?”

“पांढरं मागितलंस. होतं ते दिलं.”

“पण हे तुमचं…”

बाबा दोरीपाशी गेले. कापड त्यांनी हलकेच खाली ओढलं. त्याचा एक कोपरा घामानं मळला होता. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं, पण झटकला नाही.

अभिरामनं मोबाइल विटांवर पालथा ठेवला. डोळे भरून आले होते.

“आता मी तिथं जाऊन काय बोलू? जाऊ तरी का?”

बाबांनी दोन टोकं आपल्या हातांत धरली. उरलेली दोन त्याच्याकडं पुढं केली.

“आधी हे धर. याची घडी एकट्याला घालता येत नाही.”