खालची अक्षरे

एकदा एक पन्नाशीचा गृहस्थ एका वृद्ध शिक्षकाकडे संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला शिकत होता. वर्षापूर्वी त्याची पत्नी गेली होती. एकुलती मुलगी दूरच्या शहरात वसतिगृहात राहत होती. तिच्यासाठी त्याने पडद्यावर उघडणारी एक वही केली. तो इथून जे लिही, ते तिकडे उमटे. अक्षरांवर त्याने पत्नीचे छायाचित्र अगदी फिकट, पारदर्शक करून ठेवले होते. चेहऱ्यातून ओळी वाचता याव्यात, अशी योजना होती. मुलीचा संगणक वेगळ्या जातीचा. म्हणून वही कोणत्याही संगणकावर चालेल अशा साधनांनी बांधली होती.

चार महिने त्याने रोज लिहिले. मुलीकडून एक ओळ आली नाही. फोनवरही ती "बरी आहे" याच्यापुढे जात नसे.

"सर, तिला आता बाप नकोसा झालाय," एका दुपारी तो म्हणाला. "ही वही मोडून टाकतो."

शिक्षकांनी कपाटातून मुलीकडे होता त्याच जातीचा एक जुना संगणक काढला, त्यावर वही उघडली, झाकली, पुन्हा उघडली. मग तेच करत राहिले. चहा आला, त्यावर साय धरली.

"बटण अडकलंय का, सर?"

"माझ्या बोटाकडे काय बघतोस? पडद्याकडे बघ."

दर उघडण्याला चेहरा किंचित गडद होत होता. अक्षरे त्याच्यामागे बुडत गेली. तिसाव्या वेळी पडद्यावर फक्त त्याची पत्नी उरली. हसरी, ठसठशीत. मागे एकही ओळ नव्हती.

"माझ्याकडे असं होत नाही," तो हळूच म्हणाला.

"तुझा संगणक दर वेळी खालचा कागद आणि अक्षरं आपणहून नव्याने मांडतो, मग वर चित्र काढतो. तिच्या संगणकाला ते सांगावं लागतं. तू सांगितलं नाहीस. तो चित्रावर चित्र चढवत गेला. अरे, अंगण सारवल्याशिवाय कालच्या रांगोळीवर आजची काढतात का? चित्र फिकट आहे म्हणून निर्धास्त राहू नये. एकाच जागी पुन्हा पुन्हा काढलं की फिकट चित्राचीही भिंत होते. बायकोचं चित्र पुसू नकोस. पण आधी कागद, मग अक्षरं, आणि मग ती."

त्याने प्रोग्रॅममध्ये राहून गेलेल्या दोन ओळी लिहिल्या आणि वही पुन्हा पाठवली. संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, हे सगळं तुम्ही लिहिलं होतं?" ती म्हणाली. "पहिल्या चार-दोन ओळी दिसल्या, मग मला फक्त आई दिसायची. वाटलं, माझ्याशी बोलण्यासारखं तुमच्याकडे काही उरलं नाही. विचारायचा धीर झाला नाही."

मग तिने एक ओळ वाचून दाखवली. 'तुझ्या वाढदिवसाला येऊ का? तू म्हणालीस तरच येईन.'

वाढदिवस होऊन दोन महिने झाले होते. त्या दिवशी ती खोलीचे दार लावून बसली होती, आणि तो इथे भरलेल्या बॅगेशेजारी.

गेलेल्या माणसाचे चित्र रोज काढावे. मात्र खाली कोणाची अक्षरे आहेत, ते आधी पाहावे.