धाकटा बिल्बी, थोरला बिल्बी

“एका मादीनं असा काय फरक पडतो, तात्या?” प्रबंधाच्या कामासाठी आलेल्या हर्षद केळुसकरनं विचारलं.

तात्या दाबके वाळूत बसले होते. समोर बिल्बीची मादी मरून पडली होती. बिल्बी म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला सशाएवढा, लांब कानांचा, पोटाला पिशवी असलेला प्राणी. रानमांजरं आत येऊ नयेत म्हणून तात्यांनी इथं कुंपण घातलं होतं, त्याला तीस वर्षं झाली. काल संध्याकाळी हर्षद फाटकाची कडी लावायला विसरला, आणि मांजर आत शिरलं.

चूक त्यानं कबूल केली. पण लगेच प्रबंधाचा दाखलाही दिला. बिल्बीच्या दोन जाती. त्यांची तुलना हाच त्याचा विषय. धाकटी जात नामशेष झाली. थोरली धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत नुसती ‘असुरक्षित’ वर्गात आहे, अजून काही हजार शिल्लक आहेत. या एका मरणानं वर्ग बदलत नाही, असं तो म्हणाला.

तात्यांचा चेहरा लाल झाला.

“धाकट्यातला शेवटचा कधी मेला?”

“जिवंत नमुना एकोणीसशे एकतीसनंतर मिळाला नाही. नक्की दिवस… कुणालाच ठाऊक नाही.”

“कुणालाच नाही,” तात्या म्हणाले. तीस वर्षांत ते कुणावर इतके चिडले नव्हते.

“बस खाली.”

हर्षद बसला. तात्यांनी मादी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली आणि तिची पिशवी दोन बोटांनी उघडली. आत बोटाच्या पेराएवढं, उघडंनागडं पिल्लू होतं. मेलेल्या आईचं आचळ तोंडात धरून ते हलत होतं.

हर्षदनं वाकून पाहिलं.

“हे… जगेल?”

“नाही. फार लहान आहे.”

तात्यांनी हर्षदचा हात ओढला आणि तळवा पिशवीवर दाबून ठेवला. मग उठून ते फाटकाकडे चालू लागले.

“तात्या, जगणारच नाही, तर मी इथं बसून करू काय?”

तात्या वळले. राग तसाच होता.

“ते आहे तोवर हात गार पडू देऊ नकोस.”