मातीने लिंपलेली दारे

टेकडीच्या पोटात एका साळिंदरमावशीचे लांबच लांब बीळ होते. आत खोल्याच खोल्या! मावशी मोठी मायाळू. काटे होते ते अंगावर, जिभेवर एकही नव्हता. ससा आणि उंदीर तिच्याकडे बिऱ्हाडाला होते. त्यांना लागेल तशी ती एकेक खोली देई. दिलेल्या खोलीचे दार मातीने लिंपलेले असले, तर आत सामान आहे असे समजून ती पुढे जाई. दुसऱ्याच्या घरात डोकावणे तिला मुळीच आवडत नसे.

उंदीर भारी धोरणी. सुगीत धान्य ठेवायला त्याने बऱ्याच खोल्या मागून घेतल्या. पुढे धान्य खाऊन संपले, तरी रिकाम्या खोल्यांची दारे तो ताज्या मातीने लिंपतच राहिला. ससा म्हणाला, "अरे, आत काही नाही, तर मावशीला सांग की!" "आणि उद्या मला लागली तर?" असे म्हणून उंदीर पुन्हा माती थापू लागला. लबाड नव्हता हो तो, नुसता भित्रा होता.

उन्हाळ्यात एका दुपारी डोंगराला वणवा लागला. पिल्लाला शेपटीवर बसवून एक खवल्या मांजरी धापा टाकत बिळाशी आली. "मावशी, मला नको, पण माझ्या पिल्लाला तेवढं आत घे!" मावशीने आत पाहिले, तर जिकडेतिकडे लिंपलेली दारे. तिची स्वतःची खोली अरुंद. तिथे तिच्या काट्यांशेजारी पिल्लू झोपणार कसे? मावशी म्हणाली, "तुम्ही दोघं माझ्या खोलीत जा. मी थांबते बाहेर." आणि ती खरोखरच धुराकडे चालू लागली.

ते पाहून उंदीर धावतच पुढे आला. "मावशी, थांब! माझ्या खोल्या रिकाम्या आहेत गं!" असे ओरडून त्याने दोन्ही पंजांनी माती उकरली. मायलेकरे आत गेली, मावशीही परत फिरली. उंदीर मान खाली घालून रडू लागला. मावशीने त्याला जवळ घेतले, अर्थात काटे सांभाळून! "वेड्या, तू सांगितल्याशिवाय मला कसं कळणार? खोली रिकामी झाली की दार उघडं ठेवत जा. मी ती झाडून ज्याला लागेल त्याला देईन. तुला लागली की माग. तीच मिळेल असं नाही, पण मिळेल."

पुढच्या सुगीला दाण्यांची मोटली घेऊन उंदीर भीतभीतच मावशीकडे आला. "मावशी, एक खोली..." एवढे म्हणतो तोच मावशीने त्याची मोटली उचलली आणि एका झाडलेल्या खोलीत नेऊन ठेवली.

तात्पर्य : आपल्याकडे काय रिकामे आहे ते वेळीच सांगावे; सांगितल्याने आपले काही जात नाही, लपवल्याने मात्र दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो.