उतारावरची दुसरी गाडी

खूप खूप जुन्या काळी डोंगराआड पाथरवटांचं एक गाव होतं. तिथे जात्यांचे दगड घडवत आणि घाट ओलांडून पलीकडच्या जत्रेत विकत. मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, सावरून बसा, कारण गाडी आता जोरात सुटणार आहे!

जत्रेचा ढोल वाजायच्या आत जो गाडीवान सर्वांत जास्त दगड पोचवेल, त्याच्या बैलांना मानाच्या झुली मिळत. सटवाजी गाडीवानाचा आपल्या मोऱ्या आणि चांद्या या बैलांवर भारी जीव. यंदा झुली यांच्याच पाठीवर, असं त्याने ठरवूनच टाकलं. आपली गाडी त्याने शिगोशीग भरली. मग शेजाऱ्याची गाडी मागून आणली, तीही भरली आणि दोराने आपल्या गाडीमागे बांधली.

बैल कसले जातिवंत! दोन्ही गाड्या त्यांनी ओढत ओढत माथ्यावर आणल्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि सटवाजीची छाती फुगली.

माथ्यावरची एक रीत होती. घाट उतरण्याआधी तिथल्या लहानशा उतारावर गाडी मध्येच थांबवून बघायची. बैलांनी रोखली तर पुढे जायचं, नाहीतर ओझं कमी करायचं.

मोऱ्या म्हणाला, "धनी, आधी थांबवून बघू."

"अरे, एवढा चढ ओढलास आणि उताराला भितोस? उतारावर तर गाडी आपली आपण जाते!"

"त्याचंच तर भ्या वाटतंय, धनी."

पण खाली ढोलवाले जमताना दिसत होते. सटवाजीने बैल तसेच पुढे हाकले.

आणि मग काय विचारता! मागची गाडी पुढच्या गाडीला ढुशा देऊ लागली. कधी डावीकडे झुके, कधी उजवीकडे. बैल ओढत नव्हतेच, जीव घेऊन पळत होते. "थांबा रे, थांबा!" सटवाजी ओरडला. थांबणार कसे? चांद्याचे खूर घसरले, मोऱ्या गुडघ्यावर आपटला, आणि पुढे दरीचं वळण आलं.

सटवाजीने कोयता उपसला आणि मागचा दोर तोडला. मागची गाडी गडगडत दरीत गेली. पुढची एका खडकाला टेकून थांबली.

शेजाऱ्याच्या गाडीचं एक चाकही उरलं नाही. त्यातले दगड मात्र इतरांच्या आधी खाली पोचले, फक्त तुकडे होऊन. तेवढ्यात ढोल वाजला आणि झुली दुसऱ्याच बैलांवर चढल्या. सटवाजी आपलं पागोटं फाडून मोऱ्याच्या गुडघ्याला बांधत होता आणि हमसाहमशी रडत होता.

मोऱ्या वाचला, पण जन्मभर लंगडला. पुढे माथ्यावर प्रत्येक गाडी सटवाजीच अडवी आणि म्हणे, "आधी थांबवून दाखव!"

बोध: ओझं किती ओढता येतं यावर नव्हे, किती थांबवता येतं यावर ठरवावं.