समोरचा पाट

"...पण यात खोटं ते काय, गुरुजी? विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं आणि खाली बसायचं. एवढंच तर करायचंय मला."

शास्त्रीबुवांनी कानामागे हात धरला.

"मोठ्यानं बोल. हल्ली मला कमी ऐकू येतं."

श्रीनाथ हुपरीकरांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली मोटारसायकलला टेकून दोन माणसं उभी होती. विद्यापीठाच्या फाटकापासून ती त्यांच्या गाडीमागे होती. आता इथंही होती, आणि लपण्याची त्यांना काही गरजही वाटत नव्हती.

हुपरीकर उठले. त्यांनी खिडकी लावून घेतली. कडी बसली की नाही ते दोनदा पाहिलं.

हुपरीकर म्हणजे ऐरीगैरी असामी नव्हे. तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख. सत्काराच्या शाली ठेवायला घरात वेगळं कपाट. परिसंवादात बोलायला उभे राहिले की समोरच्याची बोबडी वळायची, आणि ती वळलेली पाहायला त्यांना आवडायचंही. त्या दुपारी मात्र गुरूच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी आपला मोबाइल बंद केला आणि शास्त्रीबुवांच्या सुनेच्या हातात दिला. "आत कुठंतरी लांब ठेवा," म्हणाले. तिनं काही न विचारता तो तांदळाच्या डब्यात खुपसला.

घडलं होतं ते असं.

विद्यापीठात काय शिकवायचं हे यापुढे सरकार ठरवणार, असा नवा कायदा आला होता. हुपरीकरांच्या विभागात सुलभा गवई नावाची तरुण प्राध्यापिका होती, त्यांचीच विद्यार्थिनी. तिनं परीक्षेत प्रश्न घातला. या कायद्याविरुद्ध जितके भक्कम मुद्दे मांडता येतील तितके मांडा आणि मग त्यांचं खंडन करा.

प्रश्नाचा पहिला अर्धा भाग वर पोचला. दुसरा पोचला नाही, किंवा कुणी वाचला नाही. सुलभा निलंबित झाली. ज्यानं सगळ्यांत चांगलं उत्तर लिहिलं होतं त्या मुलाला वसतिगृहातून चौकशीला नेलं. तो अजून परत आला नव्हता. त्याची आई विभागाच्या पायऱ्यांवर बसून होती आणि हुपरीकर मागच्या दारानं ये-जा करू लागले होते.

उद्या विद्वत्सभेची बैठक होती. तिथं विभागप्रमुखाला एकच विचारणार होते. असा प्रश्न घालण्याची तुमच्या विभागात पद्धत आहे का?

नाही म्हटलं की सुलभाची नोकरी जाणार, आणि तो मुलगाही सुटणार नाही. हो म्हटलं तर... त्याच्या पुढचा विचार हुपरीकर करत नव्हते.

"असं," शास्त्रीबुवा म्हणाले. "म्हणजे 'नाही' म्हणून गप्प राहणं बरोबर, असा तुझा पक्ष."

"हो."

"मग मांड."

शास्त्रीबुवांनी आयुष्यभर पाठशाळेत तर्कशास्त्र शिकवलं. त्यांच्या घरची एक रीत होती. बैठकीच्या खोलीत दोन पाट समोरासमोर मांडलेले असत. शिष्यानं एका पाटावर बसून आपलं म्हणणं मांडायचं. ते मांडून झालं की उठून समोरच्या पाटावर बसायचं आणि तिथून आपल्याच म्हणण्याविरुद्ध बोलायचं, तेवढ्याच ताकदीनं. लटकं बोललेलं चालायचं नाही. दोन्ही पाट झाल्याशिवाय कुणाला जेवायलाही उठता येत नसे. हुपरीकर तरुणपणी कितीतरी वेळा या खोलीत उपाशी बसले होते.

ते पहिल्या पाटावर बसले. घसा खाकरला आणि बोलू लागले.

"विभाग टिकला पाहिजे. खेड्यापाड्यांतली मुलं आमच्याकडे शिकतात. मी उद्या अडून बसलो तर ते विभागालाच कुलूप लावतील. मग या मुलांनी जायचं कुठं? एका सुलभासाठी सगळ्यांना रस्त्यावर आणायचा मला काय अधिकार? आज गप्प राहिलो तर उद्या काही करता येईल. मी खुर्चीवरच नसलो तर काय करता येणार?"

आवाज चढत गेला. हात हलू लागले. जुने हुपरीकर परत आले. स्वयंपाकघरातून सुनेनं डोकावून पाहिलं आणि ती पुन्हा आत गेली.

"चांगलं मांडलंस," शास्त्रीबुवा म्हणाले. "बांधणी पक्की आहे. आता तिकडे बस."

"आज ते नको, गुरुजी."

"का?"

"उशीर होतोय. अंधार पडायच्या आत घरी पोचायचंय."

"पोहे फोडणीला पडलेत. ते होईपर्यंत बस."

नाइलाजानं हुपरीकर उठले आणि समोरच्या पाटावर बसले. समोर आता त्यांचाच रिकामा पाट होता.

शास्त्रीबुवा वाट पाहत राहिले.

हुपरीकरांनी पाट जरासा मागे सरकवला.

"बोल ना."

हुपरीकरांचे ओठ हलले. बंद खिडकीकडे त्यांची मान आपोआप वळली.

"ऐकू आलं नाही," शास्त्रीबुवा म्हणाले.

हुपरीकर पुढे सरकले आणि गुरूच्या कानाशी तोंड नेऊन पुटपुटले.

"नाही आलं."

"मगाशी तर सगळं नीट ऐकू येत होतं तुम्हाला!"

"मगाशी तू मोठ्यानं बोलत होतास."

खरंच होतं ते. गप्प राहण्याची बाजू हुपरीकरांनी पार स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशी मांडली होती. आता खिडकी बंद होती, मोबाइल तांदळात होता, समोर फक्त आपला म्हातारा गुरू होता, आणि तरी तोंडातून शब्द फुटत नव्हता. कपाळावर घाम आला. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

खाली मान घालून ते स्वतःशीच म्हणाले, "मला भीती वाटते."

"मलाही वाटते," शास्त्रीबुवा म्हणाले.

हुपरीकरांनी चमकून वर पाहिलं.

"तुम्हाला? तुम्हाला कशाची भीती?"

"बाहेरच्या दोघांपैकी एकजण काल इथं येऊन गेला. तुझं नाव घेतलं. हा माणूस तुमच्याकडे काय शिकला, म्हणून विचारत होता."

हुपरीकर पाटावरून पुढे वाकले.

"मग... काय सांगितलंत?"

"पाट दाखवले."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. फोटो काढून घेऊन गेला. तेव्हापासून रात्री डोळा लागत नाही."

शास्त्रीबुवांनी रिकामा पाट हातानं पुसला.

आत झाऱ्याचा आवाज आला. पोहे होत आले होते.

"खिडकी उघड," शास्त्रीबुवा म्हणाले. "कोंडलं की माझे कान बसतात."

"गुरुजी, ते बाहेर..."

"माहीत आहे मला. नको असेल तर राहू दे. पोहे खा आणि नीघ. मी रागावणार नाही."

हुपरीकर उठून खिडकीपाशी गेले. बराच वेळ कडीवर हात ठेवून उभे राहिले. पायऱ्यांवर बसलेली ती बाई त्यांना आठवली. तिनं आपल्याला एकदाही हाक मारली नाही, हेही आठवलं.

त्यांनी कडी काढली. खिडकी उघडली. कडुलिंबाखालच्या दोघांनी वर पाहिलं.

हुपरीकर परत येऊन समोरच्या पाटावर बसले. गुडघ्यांवर हात घट्ट दाबून धरले.

"तो प्रश्न सुलभा गवईनं घातला," ते म्हणाले. आवाज चिरकला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी तो रस्ता ओलांडून गेला. "तो प्रश्न सुलभा गवईनं घातला. तसाच घालायचा असतो, हे तिला मी शिकवलं. आमच्या विभागाची हीच पद्धत आहे, पहिल्यापासून. त्या मुलानं मी शिकवलं तेच लिहिलं. त्याला सोडा. आणि तिला घरी पाठवायचं असेल तर आधी मला पाठवा."

बाहेर मोटारसायकलला टेकलेला माणूस सरळ उभा राहिला. त्यानं खिशातून फोन काढला आणि खिडकीकडे बघत बघत कुणाशी तरी बोलू लागला.

हुपरीकरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ऐकलं त्यांनी..." ते म्हणाले. "आता उद्या मला मागं फिरता यायचं नाही."

सुनेनं पोह्यांच्या बश्या आणून ठेवल्या. शास्त्रीबुवांनी एक त्यांच्याकडे सरकवली.

"तुम्हाला तरी ऐकू आलं ना, गुरुजी?"

शास्त्रीबुवांनी त्यांच्या पोह्यांवर लिंबू पिळलं.

"मला तू कानाशी पुटपुटलास तेव्हाच आलं होतं."