खिंडीतल्या दगडांचा बुरूज

एका राज्यात डोंगर फार आणि सपाट जमीन थोडी. तिथल्या सगळ्यांत उंच डोंगरावर गड होता, गडाच्या माचीवर गाव होतं, आणि गावातून तीन वाटा खाली उतरत होत्या. एक कड्याची वाट, एक रानाची वाट आणि एक राजवाट. प्रत्येक वाट आपापल्या खिंडीतून पलीकडे जाई.

त्या गावाची एक रीत होती. गाव सोडून जाणाऱ्याने खिंडीत थांबावं, एक दगड हाती घ्यावा, त्याला आपलं नाव सांगावं आणि राशीवर ठेवावा. परत येताना तोच दगड उचलून बाजूला ठेवावा, मग पुढे पाऊल टाकावं. पाहुणा यायचा तो गावच्या माणसाचा हात धरून. वाटा त्या दगडांवरून माणूस ओळखत. याचं कुणाला नवल वाटत नसे. गाय आपलं वासरू ओळखते, त्यात नवल कसलं?

गडाचा राजा गिरिसेन. शूर होता, पण त्याची झोप फार सावध होती. पान हललं तरी उठून बसायचा. एके दिवशी हेराने बातमी आणली, शेजारचा राजा फौज घेऊन दरीत उतरला आहे. राजाने मांत्रिकाला बोलावलं. कड्याच्या वाटेवरच्या पाय ठेवायच्या खोबण्या मंत्राने बुजवून घेतल्या. रानाच्या वाटेवर मंतरलेले काटे पेरले. आणि राजवाटेच्या तोंडावर, वाट पुरती अडेल असा, नवा बुरूज बांधायला काढला. बुरजाला दगड कमी पडले आणि खाणीपर्यंत जायला सवड नव्हती.

प्रधान म्हणाला, "महाराज, तिन्ही खिंडींत दगडांच्या राशी आयत्या पडल्या आहेत."

राजा म्हणाला, "आणा. दगड तो दगड."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! बुरूज उभा राहिला आणि वाटा वेड्या झाल्या. खिंडीच्या आत त्या शहाण्यासारख्या वागत. पण पलीकडे जो कुणी होता, त्याला त्या गडाभोवती गोल गोल फिरवीत. बाजाराला गेलेले लोक, मेंढरं घेऊन गेलेले धनगर, माहेरपणाला गेलेल्या लेकी, सगळे घराकडे निघाले आणि घराभोवती फिरत राहिले. खुद्द मांत्रिक बिदागी घेऊन निघाला, तोही पहिल्याच वळणावर चकरा मारू लागला. त्याच्याबद्दल मात्र कुणी हळहळलं नाही.

राणी गिरजावतीही माहेरी गेली होती. तिचा दगड राजवाटेच्या खिंडीत होता. तोही बुरजात गेला.

राजकन्या सारजा तटावर उभी राहून आईला हाका मारी. पहिल्या दिवशी खालून उत्तर आलं, "आले गं सारजा, आलेच!" आणि वाट तिला डोंगरामागे घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी राणी खालून म्हणाली, "मुली, तू कुणाची? उन्हात उभी राहू नकोस." सारजा तटावरच खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली.

तेव्हा कड्यातून कस्तूर पक्ष्याने शीळ घातली आणि तो बोलला, "राजकन्ये, एका फेरीला माणूस एक गोष्ट विसरतो. शेवटी स्वतःचं नाव विसरतो. मग वाटच त्याची होते, घर त्याचं राहत नाही."

"उपाय?"

"कपारीत वाटा राखणारी वाटजाई बसते, तिला विचार."

सारजाने डोळे पुसले आणि ती निघाली. कड्याच्या कपारीत वाटजाई बसली होती. म्हातारीने वाटेचं एक टोक मांडीवर घेतलं होतं आणि तांदूळ निवडावेत तसे त्यातले खडे ती निवडत होती.

"काय मागतेस?"

"आमची माणसं."

"मग कड्याची वाट उघड. रानाची वाट उघड. राजवाट उघड. ज्याचा दगड, तो त्याच्याच घरच्यांनी खिंडीत नेऊन ठेवावा."

"आणि वाट उघडल्यावर शत्रू वर आला तर?"

"तू माझ्याकडे माणसं मागायला आलीस की शत्रू?"

सारजाने नमस्कार केला आणि छिन्नी-हातोडा घेऊन कड्यावर गेली. तिने एक खोबण खोदली. पाऊल आत होतं तोवर खोबण राहिली, पाऊल काढताच जखम भरावी तशी भरून आली. पुन्हा खोदली, पुन्हा भरली. तिसऱ्यांदा तिने खोदली आणि पाऊल काढलंच नाही. कड्याला पोट टेकून ती तशीच उभी राहिली. ऊन चढलं, पायाला मुंग्या आल्या, हातातली छिन्नी दरीत गेली. माथ्यावरचा सूर्य कलला तेव्हा दगडाने हट्ट सोडला आणि ती खोबण कायमची झाली.

पण एका खोबणीने वाट होत नाही. दुसऱ्या दिवशी सारजा नवी छिन्नी घेऊन पुन्हा कड्याशी आली, तर तिथे धनगराची सून येल्हाई पदर खोचून उभी होती. तिचा नवरा खाली फिरत होता.

येल्हाई म्हणाली, "बाईसाहेब, तुम्ही खोदा, मी हुबी ऱ्हाते."

तिच्यामागे तिची सासू आली, सासूमागे अख्खी आळी. सारजा खोदत गेली आणि लोक एकाखाली एक खोबणींत पाय रोवत गेले. शिंकायचीसुद्धा चोरी होती. दुपार कलली आणि कड्याची वाट उघडली.

मग रानाची वाट. तिथला काटा एक कापला की दोन उगवत. सारजाने कोयता चालवला आणि घटकाभरात तीच काट्यांत कोंडली गेली.

कस्तूर फांदीवरून म्हणाला, "कापू नकोस. वाकवून बांध."

तिने कोयता टाकला. एकेक झुडूप वाकवलं, आपल्या भरजरी शालूच्या चिंध्या करून दुसऱ्याला बांधलं. मंतरलेला काटा कापल्याचा सूड घेतो, बांधल्याचं त्याला काहीच कळत नाही. शालू संपला तेव्हा गावकऱ्यांनी आपली पागोटी आणि लुगडी दिली. रानाची वाट उघडली, वर हिरवा मांडव झाला. सारजाचे हात कोपरापर्यंत रक्ताळले होते, पण ती तशीच राजवाड्यात गेली.

"आबा, आता राजवाट. तो बुरूज उतरवायचा आहे."

राजा म्हणाला, "फौज दरीत आहे. बुरूज उतरवला तर गड उघडा पडेल."

"फौज येईल तेव्हा येईल. आपली माणसं रोज दारापर्यंत येतात आणि रोज परत जातात."

"मी राजा आहे, सारजा. मला सगळ्यांचा जीव राखायचा आहे."

"सगळ्यांत आई येत नाही का?"

राजा उठून बुरजावर गेला. खालून राणी येत होती. पायांत वहाणा उरल्या नव्हत्या, केस पांढरे झाले होते. राजाने हाक मारली. तिने वर पाहिलं आणि परक्याशी बोलावं तसं अदबीने विचारलं, "राजे, या गडाला दार नाही का? घोटभर पाणी हवं होतं."

राजाने आपल्या हाताने दोरीला बांधून घागर खाली सोडली. राणी पाणी प्यायली, "तुमची माणसं सुखी राहोत" म्हणाली आणि चालू लागली. राजा तिच्या पाठीकडे बघत राहिला. मग त्याने कमरेची तलवार सोडून प्रधानाच्या हातात दिली आणि पहार मागितली.

पहिला दगड राजाने काढला. मग सगळं गाव बुरजाला भिडलं. कुणाचा दगड कोणता हे ओळखायला त्रास पडला नाही. परक्याच्या हातात दगड जात्याएवढा जड होई, घरच्यांच्या हातात भाकरीएवढा हलका होई. येल्हाईने आपल्या नवऱ्याचा दगड पदरात घेतला आणि ती धावतच सुटली. प्रधानाने मात्र दिवसभर जड दगडच उचलले. त्याच्या घरचं कुणी बाहेर नव्हतं. पण त्याने पहार खाली ठेवली नाही, हे सांगायला हवं.

राणीचा दगड अगदी तळाशी निघाला. राजा आणि सारजा तो घेऊन खिंडीत पोचतात तोच दरीतून नगारे वाजले. बुरूज पडलेला पाहून शत्रूची फौज राजवाटेने वर येत होती. राजाचा हात रिकाम्या कमरेकडे गेला.

सारजा म्हणाली, "आधी दगड, आबा."

राजाने दगड राशीवर ठेवला. फौज वळणावर दिसली, भाले चमकले. आणि वाटेने शांतपणे कूस बदलली. ज्याचा दगड नाही आणि ज्याचा हात गावच्या माणसाच्या हातात नाही, त्याला ती ओळखत नव्हती. घोडे, हत्ती, निशाणं खिंडीसमोरून गेली आणि डोंगरामागे वळली. फेरी संपवून फौज आपल्याच छावणीत पोचली. एका फेरीला एक गोष्ट विसरायची हे ठरलेलंच होतं. शत्रूचा राजा सेनापतीला म्हणाला, "आपण इथे कशाला आलो होतो?" सेनापतीलाही आठवेना. भात तेवढा शिजला होता; तो जेवून सगळे आपापल्या देशी गेले.

मग माणसं येऊ लागली. कड्यावरून, रानातून, राजवाटेने. जो तो राशीपाशी थबके, हात आपसूक आपल्या दगडावर पडे, आणि तोंडातून आपलं नाव बाहेर येई. नावामागून घर आठवे, घरामागून माणसं. खिंडीत रडण्याहसण्याचा एकच गलका झाला.

राणी सगळ्यांत शेवटी आली. राशीत एकच दगड उरला होता. तिने तो उचलला, कितीतरी वेळ हातात धरला. "गिरजावती," ती हळूच म्हणाली. मग तिने सारजाकडे पाहिलं आणि तिचे फाटलेले हात आपल्या हातांत घेतले. सारजा आईच्या गळ्यात पडली.

राणीने दगडाला चिकटलेला बुरजाचा चुना पाहिला, मग वर पाहिलं. बुरजाच्या जागी मोकळं आभाळ होतं आणि शेजारी राजा मान खाली घालून उभा होता. तिला सगळं उमगलं.

"दगड हवे होते तर माझ्या बापाच्या डोंगरात काय कमी होते?" ती म्हणाली. "मागायचे होतेत."

"चुकलो," राजा म्हणाला.

"चुकलात खरे. आता चला, पोरीच्या हातांना हळद लावायची आहे."

राजाने राणीचं गाठोडं उचलून खांद्यावर घेतलं आणि तो तिच्या मागून चालू लागला. राजवाटेवर पुन्हा कुणी भिंत घातली नाही. ज्यांच्या वाटा चुकल्या ते उंबऱ्याशी पोचले. ऐकणाऱ्यांचीही माणसं दिवे लागायच्या आत घरी पोचोत.